घाम, अर्धशक्ती आणि उत्साह : उष्ण हवेतील नियमित योगसाधनेविषयी काही विचार



डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत आम्ही गेली वीस वर्षे चिकित्सा करीत आहोत. या काळात रुग्णांच्या प्रश्नांत जे बदल झाले त्यांपैकी एक बदल विशेष नोंदवावासा वाटतो. पूर्वी रुग्ण विचारीत, "व्यायाम करू का?" आता विचारतात, "घाम येईल असा योग करू का?" २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. तिच्याबरोबर नोकरदार मंडळींचे रोजचे जाणे-येणे वाढले आणि शहरातील नवनवीन पद्धतीही इकडे येऊन पोहोचल्या. तापविलेल्या खोलीत आसने करण्याची पद्धत, जिला 'हॉट योगा' म्हणतात, ती त्यांपैकीच एक. आमच्या भागात कोणी खोली तापवीत नाही. मात्र पत्र्याच्या सभागृहाची दारे लावून, पंखे बंद करून आसने करणारे गट आम्ही पाहिले आहेत. तशा एका गटाचे मार्गदर्शक आम्ही स्वतःच होतो, हेही आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

या लेखात त्या पद्धतीची निंदा करण्याचा हेतू नाही. उष्ण हवेत नियमित साधना करणाऱ्याचे आरोग्य कसे टिकेल, त्याचा उत्साह का मावळतो आणि तो कसा राखावा, याचा शास्त्र व अनुभव यांच्या आधारे विचार करावयाचा आहे. औषधी दुकानदार बंधूंसाठीही यात काही आवर्जून सांगण्यासारखे आहे.

उष्ण योगाची पूर्वपीठिका

ही पद्धत जगभर पसरविली ती कोलकात्याचे विक्रम चौधरी यांनी. त्यांचे गुरू विष्णुचरण घोष हे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू. १९७० च्या दशकात चौधरी अमेरिकेत स्थायिक झाले. २६ आसने व २ श्वसनक्रिया यांचा ठरलेला क्रम, ९० मिनिटांचा अवधी, सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असे या वर्गाचे स्वरूप आहे. या क्रमावर स्वामित्वहक्क सांगण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा, आरोग्यासाठी सांगितलेल्या क्रियापद्धतीवर लेखनाधिकार लागू होत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ साली दिला.

आपल्या महाराष्ट्रातील परंपरा याहून निराळी आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत योग संस्था स्थापन केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले आणि योगक्रियांचा शरीरावरील परिणाम यंत्रांनी मोजण्यास आरंभ केला. पुण्यास बी. के. एस. अय्यंगार यांच्या संस्थेची वास्तू १९७५ साली उभी राहिली. या तिन्ही ठिकाणच्या शिक्षणात अचूकता, श्वास आणि स्थैर्य यांना स्थान आहे. खोली तापविण्याला नाही.

शास्त्रदृष्टीने हे काय आहे?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अग्निस्वेदाचे १३ प्रकार सांगून पुढे अग्नीविना होणाऱ्या स्वेदाचे १० प्रकार दिले आहेत. त्या दहांत पहिला व्यायाम आणि दुसरा उष्णसदन, म्हणजे ऊबदार घर. उष्ण योग म्हणजे या दोन निरग्निस्वेदांचा एकाच वेळी केलेला प्रयोग होय. ही गोष्ट ध्यानात घेतली की पुढील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. हा केवळ व्यायाम नव्हे, हे स्वेदकर्म आहे. आणि स्वेदकर्म म्हटले की पूर्वकर्म, योग्य-अयोग्य, सम्यक् व अतियोगाची लक्षणे आणि पश्चात्कर्म यांचा विचार ओघानेच आला. पंचकर्मगृहात ज्या रुग्णास आपण नाडी व रक्तदाब पाहिल्यावाचून पेटीत बसवीत नाही, त्यालाच "उद्यापासून बंद खोलीत योग करा" असे दोन शब्दांत सांगून मोकळे होतो. ही विसंगती आपणच दूर केली पाहिजे.

स्वेदनास अयोग्य कोण, हे त्याच अध्यायात सांगितले आहे. गर्भिणी, रक्तपित्ती, पित्तप्रकृती, अतिसारी, रूक्ष, मधुमेही, नित्य मद्यपी, तृषित, क्षुधित, श्रांत, दुर्बल हे त्यांत आहेत. आणि याच यादीत स्थूलही आहे. या एका शब्दावर आम्ही कितीतरी दिवस थांबलो. कारण आज उष्ण योगाकडे वळणाऱ्यांत बहुसंख्या वजन उतरवू पाहणाऱ्यांचीच असते. ज्याला हा प्रयोग सर्वाधिक सांभाळून द्यावयाचा, तोच सर्वांत आधी दाराशी उभा राहतो.

स्नेहनाचा मुद्दाही असाच. स्वेदापूर्वी स्नेह हा आपला नित्याचा क्रम आहे. कोरड्या शरीरावर रोज तास-दीड तास घाम काढला तर रूक्षता वाढते आणि वायू बिघडतो. सांध्यांतून आवाज येणे, झोप उडणे, मलावष्टंभ या तक्रारी घेऊन येणाऱ्या साधकांचा इतिहास आम्ही आता याच अंगाने विचारतो.

डहाणूची हवा

आता आपल्या भूमीचा विचार करू. डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डी ही किनाऱ्यावरची गावे म्हणजे पाण्याने व वृक्षांनी संपन्न असा आनूप देश. तलासरीकडे डोंगराच्या बाजूस दुपारचे ऊन अधिक कोरडे व कडक असते.

४० अंश तापमान व ४० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत हवेतील बाष्पाचा दाब सुमारे ३ किलोपास्कल भरतो. मे महिन्यात आपल्याकडे ३४ अंश व ७० टक्के आर्द्रतेचा दिवस काही दुर्मीळ नाही. त्या दिवशी हाच दाब सुमारे ३.७ किलोपास्कल असतो. म्हणजे तापमापक सहा अंश कमी दाखवीत असला तरी हवेत बाष्प अधिक आहे. घाम अंगावरून निथळल्याने शरीर थंड होत नसून तो वाळल्याने होते. हवा बाष्पाने भरलेली असली म्हणजे घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि आतील उष्णता आतच राहते. शीत देशातील माणसाला जे वातावरण पैसे देऊन निर्माण करावे लागते, त्याहून दमट वातावरणात आपण वैशाखात असेही राहतोच. त्यावर दारे बंद करून पंखा थांबविणे म्हणजे शरीराला उरलेला एकमेव उपायही काढून घेणे आहे.

ग्रीष्मात बल सर्वांत क्षीण असते, म्हणून वाग्भटाचार्यांनी त्या ऋतूत व्यायाम व ऊन वर्ज्य करण्यास सांगितले आहे. पूर्ण शक्तीचा नव्हे, तर अर्ध्या शक्तीचा व्यायामही त्यांनी हेमंत, शिशिर व वसंत यांसाठीच मुख्यत्वे सांगितला असून इतर ऋतूंत तो त्याहूनही कमी करावयाचा आहे.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तलासरी भागातील एका सभागृहात आम्ही तीन आठवड्यांचे योगशिबिर घेतले. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे काही तपशील येथे बदलले आहेत. वय ४६, वाहतुकीचा व्यवसाय, वजन ९२ किलो, रक्तदाबासाठी गोळी चालू. आम्ही त्यास मेदोहर गुग्गुळ कल्प, उद्वर्तन आणि रात्रीचे लंघन सांगितले होते. चौथ्या-पाचव्या दिवशी शिबिरार्थींनी आपण होऊनच दारे लावण्यास सुरुवात केली. घाम जास्त येतो, अंग लवकर वळते, म्हणून सर्व खूश होते. आम्हीही अनुमती दिली. एवढेच नव्हे, तर घाम आला म्हणजे चरबी वितळू लागली समजा, असे वाक्य आम्ही त्या सभागृहात उच्चारले.

नवव्या दिवशी उभ्याच्या आसनातून वाकून वर येताना हे गृहस्थ कोसळले. अंग थंड व ओले, नाडी क्षीण व शीघ्र, वरचा रक्तदाब ८४. शुद्ध होती, परंतु बोलणे संथ झाले होते. त्यांना वाऱ्यावर निजविले, पाय उचलून धरले, ओल्या फडक्यांनी अंग पुसले, क्षारयुक्त पाणी घोटघोट दिले आणि रुग्णालयात हलविले. शिरेवाटे द्रव दिल्यावर सायंकाळपर्यंत ते सावरले. तपासणीत रक्तातील सोडियम कमी आढळले. त्यांची रक्तदाबाची गोळी मूत्रल वर्गातील होती. तिचे वेष्टन आम्ही पाहिले नव्हते. मूत्रल गोळी, त्यावर लंघन, त्यावर उष्ण औषध, त्यावर बंद सभागृह आणि साधे पाणी भरपूर पिण्याचा आमचाच सल्ला. एकेक गोष्ट किरकोळ वाटावी, पण पाचही एकत्र आल्या होत्या.

रुग्णालयात त्यांनी आम्हाला विचारले, "डॉक्टर, घाम तर भरपूर येत होता, मग हे का झालं?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते की आम्ही त्यांना चुकीचे सांगितले होते. स्वेद हा मेदाचा मल आहे, हे शास्त्रवचन खरे. परंतु मल बाहेर पडला म्हणजे धातू झिजला असा त्याचा अर्थ नव्हे. वर्गानंतर काट्यावर जो एक किलो कमी दिसतो तो एक लिटर पाणी असतो, आणि ते पाणी रसधातूतून गेलेले असते. चरबी नव्हे. त्या गृहस्थांनी त्यानंतर योगच सोडला, आणि त्याची खंत आम्हाला त्या प्रसंगापेक्षाही अधिक काळ राहिली.

अर्धशक्ती ओळखावी कशी?

व्यायाम कोठे थांबवावा याचे माप आचार्यांनी दिले आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडणे आणि श्वास तोंडावाटे सुरू होणे ही अर्ध्या शक्तीची लक्षणे. साधारण हवेत ही तिन्ही लक्षणे जवळजवळ बरोबरच येतात. तापलेल्या हवेत मात्र घाम हे लक्षण निरुपयोगी ठरते, कारण तो श्रमाने येण्याआधीच उष्णतेने आलेला असतो. साधक पहिल्या पाच मिनिटांतच ओलाचिंब होतो आणि मग घामाकडे लक्ष देणेच सोडून देतो. म्हणून उष्ण हवेत श्वास हाच एक विश्वसनीय मापदंड राहतो. ज्या क्षणी नाकाने श्वास पुरेनासा होतो व तोंड उघडावे लागते, त्या क्षणी अर्धशक्ती संपली. आम्ही आता प्रत्येक साधकास हे एकच लक्षण शिकवितो, आणि तोंड उघडले की बसावयाचे, असा नियम केला आहे.

मार्दव हेही असेच फसवे लक्षण. उष्णतेने स्नायू मऊ होतात व एरवी न होणारे आसन सहज होते. परंतु जे उष्णतेने सैल झाले ते साधनेने मिळालेले नसते. मांडीच्या मागील स्नायूंचे व कटीचे ताण बहुधा अशा दिवशीच घडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतात.

आधुनिक पाहण्या काय सांगतात?

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत २० साधकांचे आंतर तापमान वर्गाच्या काळात मोजले गेले. काहींचे ३९ अंशांच्या पुढे गेले, एकाचे ४० अंशांपर्यंत पोहोचले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मध्यमवयीन व्यक्तींच्या एका गटाने तापविलेल्या खोलीत व दुसऱ्याने साध्या खोलीत तीच २६ आसने १२ आठवडे केली. रक्तवाहिन्यांच्या प्रसरणक्षमतेत झालेला लाभ दोन्हीकडे सारखाच असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे त्या बाबतीत गुण आसनांचा होता, उष्णतेचा नव्हे. २०२३ साली नैराश्यग्रस्तांवर झालेल्या ८ आठवड्यांच्या अभ्यासात उष्ण योगाने लक्षणे स्पष्टपणे कमी झाली. परंतु तेथे तुलना प्रतीक्षा करणाऱ्यांशी होती, साध्या योगाशी नव्हती. त्यामुळे श्रेय कोणाचे, हा प्रश्न त्या अभ्यासाने सुटत नाही.

उष्णतेला स्थानच नाही असे आमचे म्हणणे नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, कफवातप्रधान व्यक्तीस, सांध्यांच्या स्तंभात, अंगास तीळतेल लावून व अर्ध्या तासाने ते पुसून, बंद दारांच्या सुखोष्ण खोलीत केलेली सौम्य आसने फार चांगला गुण देतात. देश, काल, बल पाहून दिलेला तो स्वेदच आहे.

वीटभट्टीवरून शिकलेला पाठ

या भागातील अनेक वारली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात. उष्णता त्यांनी निवडलेली नसते, ती त्यांच्या वाट्यास आलेली असते. त्यांच्या श्रमाचे कौतुक करून त्यांच्या हालांकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. परंतु घामाशी रोजचा संबंध असलेल्या माणसांचे ज्ञान आपण विनम्रपणे घ्यावे. तलासरीजवळच्या पाड्यावरील एका वृद्ध मातेने आम्हाला सांगितले होते की उन्हात जाणाऱ्याने नुसते पाणी पिऊन जाऊ नये, पेज पिऊन जावे. तांदळाची पातळ पेज व त्यात मीठ: पाणी, पिष्ट व लवण तिन्ही एका वाटीत. आधुनिक जलसंजीवनीचे तत्त्व याहून निराळे नाही. पहाटे उजाडण्याआधी कामास लागणे व मध्यान्ही सावली धरणे हा त्यांचा दुसरा नियम. आमच्या शिबिरात आम्ही हे दोन्ही मोडले होते.

साधकासाठी व्यवहार्य नियम

१. काळ : ग्रीष्म व शरदात सूर्योदयापूर्वी आरंभ करावा. आपल्याकडे मे महिन्यात साडेपाच ते सहा ही वेळ उत्तम. खोली उघडी, पंखा चालू, किंवा ओटीवर अथवा चिकूच्या वाडीत.

२. क्रमशः वाढ : शरीर उष्णतेस सरावण्यास साधारण १ ते २ आठवडे लागतात आणि काही आठवड्यांच्या खंडाने तो सराव नाहीसाही होतो. म्हणून खंडानंतर निम्म्या वेळेपासून पुन्हा आरंभ करावा.

३. काटा : आधी व नंतर वजन करावे. घट शरीरभाराच्या २ टक्क्यांहून अधिक, म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीत १.४ किलोहून अधिक असेल तर त्या दिवसाचा प्रयोग अतियोग समजावा. वजन वाढले असेल तर साधे पाणी गरजेपेक्षा अधिक प्याले गेले, आणि तेही घातक ठरू शकते.

४. पान : पेज, ताक, मीठ घातलेले कोकम सरबत, वाळ्याचे पाणी. शहाळ्यात पोटॅशियम अधिक व सोडियम अल्प असते. म्हणून केवळ शहाळ्यावर भिस्त ठेवू नये, आणि वृक्करोग्यास ते विचारपूर्वक द्यावे. शिंदीची नीरा पहाटेची ताजीच घ्यावी. ऊन चढू लागले की तिची ताडी होते. ताडी पिऊन उष्णतेत श्रम करणे सर्वथा वर्ज्य.

५. त्वचा : ओली चटई व ओले कपडे यांमुळे वर्षा ऋतूत दद्रू फोफावतो. चटई स्वतःची असावी व रोज वाळवावी.

६. स्नान : घाम निवल्यावर करावे. मात्र हा नियम निरोगी साधकाचा आहे. उष्माघातास तो लावू नये.

या शेवटच्या वाक्याचा विस्तार आवश्यक आहे. घाम आलेल्या अंगावर गार पाणी नको, या समजुतीने आणीबाणीच्या वेळी नातेवाईक हात आखडतात. तापलेले अंग व त्यासोबत असंबद्ध बोलणे, झटके किंवा बेशुद्धी असेल तर तो उष्माघात समजावा. त्या वेळी १०८ क्रमांकास कळवावे आणि वाहन येईपर्यंत गार पाणी ओतणे, वारा घालणे, मान, काखा व जांघा येथे बर्फ लावणे हेच प्राण वाचविते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये.

औषधी दुकानदारांस विनंती

वजन उतरविण्याचे चूर्ण मागण्यास येणारा ग्राहक बहुधा वैद्यास भेटलेला नसतो. त्याला भेटणारे पहिले जाणकार आपण असता. दोन प्रश्न अवश्य विचारावेत : व्यायाम कसा करता, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाबाच्या मूत्रल गोळ्या, हृदयाची गती रोखणाऱ्या गोळ्या, मधुमेहात लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, तसेच घाम कमी करणारी काही मानसरोगांची व सर्दीची औषधे घेणाऱ्यास उष्ण हवेतील व्यायाम धोक्याचा ठरू शकतो. गोळी आपण होऊन बंद करण्यास कोणासही सांगू नये, ती देणाऱ्या चिकित्सकाकडे पाठवावे. आपल्याकडील गोक्षुर-पुनर्नवादी मूत्रल, सोनामुखीयुक्त रेचक आणि त्रिकटू-गुग्गुळादी उष्ण कल्प यांनाही हाच विवेक लागू आहे.

दुसरे असे की ओआरएस म्हणून गोड पेये विकली जात असत. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली. योग्य पुडीत लिटरभर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पुडी न मिळाल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. दद्रूसाठी स्टेरॉइडमिश्रित मलम चिठ्ठीविना देऊ नये, हीही प्रार्थना.

उत्साह का मावळतो?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शिबिरे मोठ्या संख्येने भरतात. २०१५ पासून २१ जूनला तर सभागृहे अपुरी पडतात. पण तीन-चार आठवड्यांत निम्मी माणसे दिसेनाशी होतात. आपण त्यांना आळशी म्हणतो. आमचे मत याबाबत बदलले आहे.

उत्साह हे प्राकृत वायूचे कर्म आहे. अतिव्यायामाने, रूक्षतेने व लंघनाने वायू दूषित झाला की प्रथम उत्साह जातो. शूल, निद्रानाश मागाहून येतात. म्हणजे "आज नको वाटते" हे वाक्य पुष्कळदा मनाचा दोष नसून अतियोगाचे पूर्वरूप असते. अशा साधकास उपदेश करण्याऐवजी त्याची मात्रा कमी केली पाहिजे. हठयोगाच्या ग्रंथांतही साधनेचा नाश करणाऱ्या गोष्टींत अति आहाराबरोबर अति श्रम आणि नियमांचा दुराग्रह यांची गणना आहे, तर सिद्धी देणाऱ्या गोष्टींत पहिला मान उत्साहास आहे. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाल, सातत्य व आदर या तीन गोष्टी सांगितल्या, तीव्रता त्यांत नाही.

यास्तव आम्ही साधकांना एक छोटी वही ठेवण्यास सांगतो. रोज पाच नोंदी : झोप, भूक, मलप्रवृत्ती, अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी आणि उत्साह. नाडी नेहमीपेक्षा मिनिटास दहाने अधिक असेल किंवा पाचांपैकी दोन नोंदी बिघडल्या असतील तर त्या दिवशी केवळ शवासन व सौम्य श्वसन. वजनाची नोंद महिन्यातून एकदाच. लाघव, कर्मसामर्थ्य व दीप्त अग्नी ही व्यायामाची फळे वजनाच्या कितीतरी आधी दिसतात. ती दिसू लागली की माणूस स्वतःहून येतो. खंड पडणार हेही गृहीत धरावे. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा आहे, पावसात लावणी आहे, लग्नसराई आहे. खंडास अपराध मानले की माणूस लाजेने परतत नाही. परतणाऱ्याचे स्वागत करावे व त्यास निम्म्या मात्रेपासून चालू करावे, एवढेच.

ते वाहतूक व्यावसायिक गृहस्थ दोन वर्षांनी पुन्हा आले. आम्ही प्रथम आमची चूक मान्य केली, मग त्यांच्या चिकित्सकाशी बोलून गोळी, मात्रा व वेळ ठरविली. लंघन बंद, गुग्गुळ बंद, पहाटे ओटीवर पंख्याखाली ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, आधी वाटीभर पेज. वर्षभरात वजन ९२ वरून ८६ झाले. आकडा मोठा नाही. पण ते अजून येतात, आणि कोणी नवा साधक दार लावू लागला तर उठून स्वतः उघडतात.

वैद्यमित्रांनो, सल्ला देताना आपले एक वाक्य रुग्ण किती दूरवर नेतो याची आपणास कल्पना नसते. "घाम गाळा" हे दोन शब्द सोपे आहेत. कोणी, केव्हा, कोठे, किती हे चार प्रश्न त्यांच्यापुढे जोडण्याचे कष्ट आपण घेतले, तर हीच उष्ण दमट भूमी साधनेला प्रतिकूल ठरणार नाही. आपल्या चिकित्सालयांतील असे अनुभव, विशेषतः चुकलेले प्रयोग, या नियतकालिकात लिहून पाठवावेत अशी नम्र विनंती करून येथेच थांबतो.

अलमतिविस्तरेण.